मेंदू, संगणक आणि शेजारची वायर

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार (खुर्चीत बसल्या बसल्या जितका घालता येतो तितका). गुडघा कसा आहे? मामी म्हणते दुखतो, तुम्ही म्हणता नाही. मी मामीचं खरं धरते.

मेंदू म्हणजे संगणकच, असं तुम्ही मित्रांना छातीठोकपणे सांगून बसलात आणि आता भाचीची साक्ष हवी आहे. गेल्या सोमवारपर्यंत मी ती बिनदिक्कत दिली असती.

आमच्या मशीनरूममध्ये वायर काढायची एक रीत आहे. एकाने क्रमांक मोठ्याने वाचायचा, जोडीदाराने तो परत म्हणायचा, मगच हात लावायचा. माझा जोडीदार (सहकारी, बाकी माहिती अनावश्यक) या कामात पक्का आहे. सोमवारी मी क्रमांक बरोबर वाचला, त्याने बरोबर म्हटला आणि मी शेजारची वायर उपटली. सगळ्या मजल्याचे फोन बंद. (आधी लोक खूश होते. तक्रारी नंतर आल्या.)

आमच्या विभागप्रमुख बाई तरातरा खाली आल्या. "एकीनं वाचायचं, दुसऱ्यानं म्हणायचं, आणि तरी हे? कारण सांगा, नाहीतर उद्यापासून तुमची जोडी मोडली." (मला ती मोडायला नको होती, कामाच्या सोयीसाठी.)

तो लगेच म्हणाला, "बाई, चूक माझी."

"तुझी कशी? ओढली मी."

"अगं, तेच विचारतेय मी," बाई म्हणाल्या, "का ओढलीस?"

मामा, त्या दिवशी तो मिशी काढून आला होता. माहिती बरोबर आत गेली, पडताळणी झाली, मिशीचा कशाशी काही संबंध नव्हता, तरी हात भलतीकडे गेला. माझ्या ताब्यातल्या एकाही मशीनने आजवर असा आचरटपणा केलेला नाही. बाईंना मी म्हणाले, "लक्ष विचलित झालं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या ओठावरच्या गोऱ्या पट्टीकडे पाहिलं.

"हं. यापुढे वायर तो काढेल. तू वाच. आणि वाचताना वायरकडे बघ."

जोडी शाबूत. तेव्हा मेंदू संगणक नाही. मित्रांपुढे हार कबूल करा आणि त्यांना चहा पाजा.

तुमची भाची

ता. क. आई फक्त तुमचं ऐकते. रविवारी जेवायला या आणि मी लग्न ठरवलंय हे तिच्या कानावर घाला. मुलगा कोण ते कळलं असेलच. नसेल तर तुमचा संगणक तपासून घ्या.

आणखी एक ता. क. तो पुन्हा मिशी ठेवतोय. मी काही बोललेले नाही. (एकदाच बोलले.)