मे महिन्यात लावलेला स्क्रू

नाना, तुमची गाडी आज सकाळी सुरू झाली. तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होते. तेव्हापासून ती मागच्या पडवीत मायच्या जुन्या साडीखाली उभी होती. मी इंजिनिअर झाले, घरातली पहिली पदवीधर, इच्छापोरच्या कारखान्यात लागले, तरी तिला कुणी हात लावला नव्हता. आता आम्ही कामरेजला तिसऱ्या मजल्यावर राहायला जातोय आणि गाडी पलसाण्याचं तुमचं एक जुनं गिऱ्हाईक नेणार आहे. मायनं एवढंच मागितलं, "एकदाव तिना आवाज आयकू दे." तीच माय, जी दर रविवारी कानावर पदर दाबून म्हणायची, "बंद करा ती, शेजारी भांडाले येतीन."

त्या दिवसांतलं मला स्वयंपाकघर जास्त आठवतं. तुम्ही जमिनीवर बसला आहात, समोर स्टीलच्या ताटात कार्बोरेटर सुटा करून मांडलाय, आणि चहाच्या गाळणीतून तुम्ही पेट्रोल गाळताय. माय विचारते, "मनी गाळणी कोठे शे?" तुम्ही माझ्याकडे बोट दाखवता. दुसऱ्या दिवशी चहाचा एक घोट घेऊन ती कप खाली ठेवते. "आते माले किक मारा, मी बी चालू व्हसू." तुम्ही एवढे हसता की ठसका लागतो.

माझ्याशी मात्र तुम्ही घरची बोली सोडून शाळेतलं मराठी बोलायचात, मी शिकावं म्हणून. त्या जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलला तुम्ही शेतातल्या शर्यतीसाठी तयार करत होतात. पत्रा कापून, वळवून, वेल्डिंग करून तुम्ही तिला पोट फुगलेला सायलेन्सर बनवला होता. मला वाटलं, झालं, ताकद वाढली. तुम्ही म्हणालात, "धूर जायला वाट मोठी केली की चूल लाकूडही जास्त मागते. हिला आता पेट्रोल जास्त द्यायला हवं. कमी पडलं तर आधी जोरात पळेल, आणि मग पिस्टन जाम." म्हणून तुम्ही पेट्रोल सोडणारा आतला जेट बदललात, एक शर्यत झाली की पुन्हा बदललात, आणि दर वेळी प्लग काढून त्याचा रंग मला दाखवलात. काळा नको, पांढरा नको. मायच्या भाजलेल्या शेंगदाण्यासारखा हवा.

कामरेजच्या त्या कापणी झालेल्या शेतात मी एकदा थंड गाडी सुरू केल्या केल्या अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळला. तुम्ही सगळ्यांसमोर चावी काढून घेतलीत. "गार इंजिनावर ओरडायचं नाही. आधी त्याला ऊब येऊ दे." मी उसाच्या कडेला जाऊन रडले. परतताना तुम्ही माझ्या हातात एक लहान स्क्रूड्रायव्हर ठेवलात, टोक घासून बारीक केलेला, हवा-पेट्रोलचं प्रमाण जुळवणाऱ्या मिक्श्चरच्या स्क्रूसाठी. "हा तुझा. फिरवताना बघायचं नाही, ऐकायचं." त्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

काल त्याच स्क्रूड्रायव्हरनं मी कार्बोरेटर खोलायला बसले. जुन्या पेट्रोलचा डिंक होऊन जेट बुजला होता, खोलण्यावाचून इलाज नव्हता. पण मिक्श्चरचा तो स्क्रू तुम्ही मे महिन्यात लावलेला होता. तुमचे शर्ट वाटून झाले, तुमच्या गॅरेजच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. तुमच्या हातानं जिथे ठेवली तिथेच राहिलेली घरात ही एकच वस्तू होती. मी फेरे मोजून तो काढला आणि सगळं साफ करून पुन्हा तेवढ्याच फेऱ्यांवर बसवला.

आज सकाळी गल्लीत तारांवर उत्तरायणचे फाटके पतंग लटकत होते. बऱ्याच किक मारल्यावर ती लागली. निळा धूर, तेलाचा तो वास. मी ओरडले नाही तिच्यावर, ऊब येऊ दिली. मग अ‍ॅक्सिलरेटर पिळून सोडला, तर आवाज खाली येईना, वरच लोंबकळत राहिला. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. तुमचं चुकलं नव्हतं, नाना. तुम्ही तो स्क्रू मेच्या तापलेल्या, विरळ हवेसाठी लावला होता. आजची हवा थंड, दाट. तुम्ही असतात तर तुम्हीही फिरवला असतात. हे मला परीक्षेत लिहिता येतं. तरी मी कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. शेवटी डोळे मिटले आणि स्क्रू थोडा आत घेतला, म्हणजे हवा कमी, पेट्रोल जास्त. आवाज खाली आला आणि एका जागी बसला.

माय दारात उभी होती. आज तिनं पदर कानावर घेतला नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "हाऊच व्हता ना वं, त्यास्ना आवाज?"

हेच मी तिला विचारणार होते.

"व्हय माय, हाऊच," मी म्हणाले. ती मान हलवून आत गेली, चहा ठेवायला.

कारखान्यात, जे मी स्वतः मोजलं नाही त्यावर सही करत नाही. सुपरवायझर चिडवतात, "बेन, सही करवामां पेन घसाई जशे?" सहीनं पेन झिजेल का, म्हणतात. मी हसते आणि पुन्हा मोजते. हे लिहिलेलं कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. स्क्रू मी परत तुमच्या जागी नेला नाही. आणि तो आवाज मला आठवत नाही, नाना. मायनं ज्या तऱ्हेनं विचारलं, त्यावरून वाटतं, तिलाही नाही.