मधूच्या स्टुलाची उंची

३ मार्च, मंगळवार
चौथी खुर्चीही बाद. प्लॅस्टिकची, हातांची. बैठक मागे उतरती असल्यामुळे कंबर आपोआप गोल होते, आणि खुर्चीचा उजवा हात गिटारच्या पोटाला आपटतो. मधूने दोन गाणी वाजवली आणि उठून भिंतीला टेकला.

हकीकत नीट लिहून ठेवावी. माझा हा धाकटा भाऊ पंचवीस वर्षे शारदम्मांच्या भावगीत मंडळीत गिटार वाजवतो, तीही उभ्याने. दिवाळीत मणक्याची चकती सरकली. पंधरा मिनिटांहून अधिक उभे राहायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे. २८ ला रामनवमीच्या मांडवात दोन तासांचा कार्यक्रम. त्याने शारदम्मांना परस्पर सांगून टाकले, की तेवढा वेळ बसून जमले तर पुढेही येईन, नाहीतर दुसरा माणूस बघा. मला हे त्याच्या बायकोकडून, लीलाकडून, कळले.

कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून इतका सुंदर प्रश्न हाती आला नव्हता. नियम एकच: निकाल त्याच दिवशी लिहायचा नाही. दुसऱ्या सकाळी म. अंथरुणातून कसा उठतो, तोच निकाल.

७ मार्च, शनिवार
म.च्या ऑफिसातली जुनी चाकांची खुर्ची. बसायला उत्तम, पण पेडल दाबला की खुर्ची मागे. क्रिया-प्रतिक्रियेचा नियम तीस वर्षे फळ्यावर लिहिला, आज तो माझ्या भावाला घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. लीलाने त्याला परत ढकलत आणले.

त्या हसण्यातच खरी गोष्ट दिसली! बसल्यावर गिटार उजव्या मांडीवर येते. म. पेडलही उजव्याच पायाने दाबतो. (दोन आहेत. एक आवाज कमी-जास्त करणारा, पुढे-मागे झुलणारा. दुसरा बटणाचा, घुमारा आणणारा.) पाय हलला की मांडी हलते, मांडी हलली की गिटार घसरते, आणि ती सावरायला तो कंबरेत वाकतो. उभ्याने हे जाणवले नाही, कारण तेव्हा भार खांद्यावरच्या पट्ट्यावर होता. म्हणून आता दोन्ही पेडल डाव्या पायाकडे.

म. : "अक्का, पंचवीस वर्षं उजव्यानं दाबतोय. आता सुम्ने डावा कर म्हणतेस?"
सुम्ने म्हणे, उगीच! मी चार तास खपले आहे.

८ मार्च
उठताना भिंत धरली, पण एकदाच. परवा दोनदा.

१२ मार्च, गुरुवार
बाजारात मिळणारे काही उपयोगाचे नाही, हे सिद्ध झाले. कुवेंपुनगरातल्या नंजुंडय्या सुतारांकडे आकृती घेऊन गेले. गुडघे कमरेहून किंचित खाली राहिले तर पाठीचा मूळ बाक टिकतो. म्हणून उंची बावन्न सें.मी., पुढची कड दोन सें.मी. उतरती आणि गोल केलेली, म्हणजे मांडीखालची नस दबणार नाही. हात नाहीत, पाठ नाही, चाके तर नाहीतच.

नंजुंडय्यांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला. "मेडम, इदु कुर्ची अल्ल. कुदुरे."
खुर्ची नव्हे, घोडा! मला इतका आनंद झाला. स्वाराची बैठक हेच तर तत्त्व आहे. मी दहा मिनिटे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, की पाय तरी चारच ठेवायचे ना.

१५ मार्च, रविवार
घोडा आला. पॉलिश असे केले आहे की म. सावकाश पुढे घसरत जमिनीवर. उतार आणि घर्षण यांचा विचार मी एकत्र करायला हवा होता. लीलाने बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीतून आणलेल्या लोकरी गालिच्याचा तुकडा कापून बैठकीवर डकवला. घसरणे बंद. दिवाणखान्यात पूर्ण दोन तास! डावा पाय अजून चुकतो, पण चुकला की म. आता स्वतःच हसतो.

१६ मार्च
उठला. भिंत नाही.

२० मार्च, शुक्रवार
शारदम्मांकडे तालीम. वय चौऱ्याहत्तर, आवाज आणि जीभ दोन्ही धारदार. म. आजवर व्यासपीठाच्या खाली, बाजूला उभा राहत असे. तिथे बसलास तर फक्त स्पीकरला दिसशील, वर आमच्यात ये, असे त्यांनी फर्मावले. मी चिंतेत. शारदम्मा खाली सतरंजीवर, आणि हा शेजारी त्यांच्याहून उंच! तसे बोलूनही दाखवले. त्या मधूकडे वळून कन्नडमध्ये म्हणाल्या, "माझ्या डोक्यावर पाय येऊ देऊ नकोस, बाकी कसाही बैस."
त्याला पंचवीस वर्षांत पहिल्यांदा वर जागा मिळते आहे.

२८ मार्च, शनिवार, दुपारी
मांडवात बसून लिहिते आहे. चूक झाली. सर्वस्वी माझी.
व्यासपीठावर रामाची मूर्ती, म्हणून वर अनवाणी जायचे. सगळी मापे मी त्याच्या पायात बूट असताना घेतली, घरातल्या सरावालाही बूट घालायला लावले! खाली जमिनीवर तो नेहमी बुटात असे. वर घ्यायचे ठरले तेव्हा हे ध्यानात यायला हवे होते. टाचेचे तीन सें.मी. गेले. आता पेडलला फक्त बोटे पोचतात, आणि सगळा भार मांडीच्या कडेवर. नंजुंडय्यांचे दुकान सणाचे बंद. घोड्याचे पाय कापणार कोण?

म. : "असू दे अक्का. उभ्यानंच वाजवतो. शेवटचंच आहे."

पट्टी घेऊन पुन्हा मोजले. मग...

संध्याकाळी ५.३०
उंची स्टुलाची नसतेच! स्टूल आणि पाऊल यांच्यामधल्या अंतराची असते. स्टूल कापता येत नसेल तर जमीन उचलावी. मांडववाल्याकडून जाड फळी मागून घेतली, पेडल आणि दोन्ही पावले तिच्यावर. मोजले: तीन सें.मी.ला थोडे कमी. चालेल. बटण उघड्या तळव्याला टोचते, म्हणून माझ्या पर्समधल्या खोडरबराची चकती त्यावर चिकटवली. शारदम्मा तंबोरा जुळवता जुळवता बघत होत्या. म्हणाल्या, मास्तरीणबाई, परीक्षा सुरू करू का?

रात्री, घरी
दोन तास पाच मिनिटे. एकदाही उठला नाही. तिसऱ्या गाण्यात शारदम्मांनी वरचा स्वर धरला आणि त्याच्या खालून गिटार हळूहळू भरत आली, जणू कोणी पाणी सोडले. डावा पाय! पहिल्या रांगेत मी एकटीच पायाकडे बघत होते.
निकाल आज लिहायचा नाही.

२९ मार्च, रविवार, सकाळी ७.३०
म.कडे. लीला म्हणते, भिंत धरली, एकदा. म. म्हणतो कंबर ठीक आहे, डावी पोटरी दगड झाली आहे. मला हर्षच झाला. पोटरी म्हणजे नव्या कामाची तक्रार, चार दिवसांत जाते. भिंत कशासाठी धरली, पोटरीसाठी की कंबरेसाठी, एवढेच शोधायला हवे. लीला: "ते त्यांना विचारा अक्का, मला काय सांगता."
विचारले. म्हणाला, झोपेत होतो, आठवत नाही.

शारदम्मांचा फोन येऊन गेला. पुढच्या महिन्यात हुणसूरला कार्यक्रम, संध्याकाळपर्यंत उत्तर हवे. त्याने नुसते "बघतो" म्हटले.

आता तो घोड्यावरच बसला आहे, गिटार मांडीवर आडवी, एकेक तार जुन्या धोतराच्या फडक्याने पुसतो आहे. पूर्वी रोज वाजवायचा तेव्हा ती खुंटीवर असायची, दिवाळीपासून पेटीत. पेटी उघडीच आहे, खुंटी मोकळी. पुसून झाल्यावर ती कुठे जाणार, हे मी विचारणार नाही. माझी कॉफी निवते आहे, आणि त्याच्या अजून दोन तारा राहिल्या आहेत.