आखाजीचं दुसरं ताट

देवपूर, धुळे
१ मे २०२५

अभिमनभाऊ,

नमस्कार. बोदवडला तुम्ही आणि दिपमाला बरे असाल. मीही बरी आहे, गुडघे सोडून. ऊन असं की दुपारी नळाला चहाचंच पाणी येतं.

काल अक्षय्य तृतीया, आपली आखाजी झाली. तुमच्या सख्ख्या भावाची, नानांची, जानेवारीत गेल्यानंतरची पहिली पितरांची घागर. तुमच्याकडे कॅलेंडर लावत नाहीत का? आम्हाला मूलबाळ नाही हे सगळ्या भाऊबंदांना पाठ आहे, पण घागर भरायची म्हटल्यावर एकेकाला गावाला जायचं आठवतं. शेवटी मीच भरली. गुरुजी कुरकुरले, तेव्हा म्हटलं, "तुम्ही मंत्र सांभाळा, घागर मी सांभाळते."

पण नानांच्या नावानं जेवायला पुरुषमाणूस हवा. शेजारच्या रतिलालभाऊंनी कबूल केलं आणि ऐन वेळी सासुरवाडी गाठली. पुरणपोळी, आमरस, कुरडया, सगळं वाढून तयार. साडेबारा वाजले. समोरच्या बांधकामाच्या सावलीत एक मजूर बसला होता. आधी कधी पाहिलेला नाही. त्याला हाक मारली.

आमश्या नाव. शिरपूरकडचा, सातपुड्याच्या पायथ्याचा आदिवासी. दारातच थांबला. "मी पावरा शे बाई. चाली का?"

"आता नानांना विचारायला वर जाऊ का? हात धुवा आणि बसा."

हसला. पाटावर बसला, फोटोला हात जोडले. निम्मी पोळी झाल्यावर शेजारी बघून म्हणाला, "हाई दुसरं ताट कोनं शे?"

"दिराचं. यांच्या धाकट्या भावाचं. येत नाही तो."

"बलायेल व्हतं का?"

बोलावलं होतं का, एवढंच. मी त्याच्यावर खेकसले. "मुकाट्यानं जेवा. पितरं चौकशा करत नाहीत." तो बिचारा खाली मान घालून जेवला. जाताना मात्र विचारलं, "नाना चांगला माणूस व्हता का?" होता, म्हटलं. त्यानं मान हलवली आणि उन्हात निघून गेला. ताट तसंच राहिलं. संध्याकाळी मी ते गाईला घातलं.

नव्हतं बोलावलं. काल नव्हतं, आणि जानेवारीतही नव्हतं.

सासूबाईंच्या दहाव्याला तुम्ही चारचौघांत म्हणालात, "या कॉन्व्हेंटवालीनं माझ्या आईला शेवटचं पाणी पाजलं नाही." सात वर्षं झाली. मी पाजलं होतं, अभिमनभाऊ. चमच्यानं, रात्रभर. पण तेव्हा तुमच्यापुढे रडून पुरावे द्यायला मी तयार नव्हते. ते वाक्य मी जपून ठेवलं, लोक दागिना ठेवतात तसं.

तुम्हाला मी सांगितलं की नाना अचानक गेले. ते खोटं आहे. तीन दिवस दवाखान्यात होते आणि चांगले शुद्धीवर होते. पहिल्याच दिवशी म्हणाले, "अभ्याला फोन लाव." मी बाहेर गेले, फोन कानाला लावून उभी राहिले, आत येऊन सांगितलं, उचलत नाही. टेलिफोन खात्यात तीस वर्षं मी अख्ख्या जिल्ह्याचे फोन जोडून दिले. रात्री-बेरात्री, ओळखीचे, अनोळखी, भांडणारे, रडणारे. हा एक नाही जोडला.

असं पाच वेळा केलं. ते रागावले नाहीत. "असू दे, त्याला दुखलंय," म्हणाले.

तुम्ही आलात तेव्हा सगळं आटोपलं होतं. दाराच्या चौकटीला धरून तुम्ही विचारलंत, "वहिनी, माझं नाव काढलं का त्यांनी?" आणि मी तुमच्या तोंडावर म्हणाले, "नाही."

तुम्ही माझ्यावर घातलेला आळ खोटा होता. मी तो खरा करून दाखवला, फक्त माणूस बदलला.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर मी फार सफाईनं खोटं बोलते, म्हणून लिहिते आहे.

शेवटच्या दिवशी त्यांनी माझा मोबाईल मागून घेतला आणि उशाशी ठेवला. म्हणाले, "त्याचा आला तर मला उठव. झोपलो असलो तरी उठव." मग झोपलेच नाहीत. नर्सनं दोनदा दिवा घालवला, दोन्ही वेळा लावायला लावला. पहाटेपर्यंत त्या फोनकडे बघत होते.

माफी मागत नाही. मागितली की तुम्हाला ती द्यावी लागेल, आणि तुमच्याकडून मी आधीच पुष्कळ घेतलंय.

वहिनी म्हणा किंवा म्हणू नका,
हेमलता