कोऱ्या चौकटी आणि एक चुकलेला खुलासा

मी, एका चारपानी साप्ताहिकाचा मालक, संपादक आणि रोज सकाळी कचेरी झाडणारा, वय एकाहत्तर, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवतो. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. त्यात रक्तदाब वाढलेला दिसेल; तो मंत्र्यांचे भाषण ऐकून आल्यावर मोजला होता, हे ध्यानात घ्यावे.

१. राहते घर माझे नाहीच. अब्रुनुकसानीचा तिसरा दावा लागला तेव्हा सौभाग्यवतींनी ते स्वतःच्या नावावर करून घेतले. "तुम्ही खुशाल तुरुंगात जा, मला राहायला घर लागतं," असे त्या म्हणाल्या. तेव्हा त्यांना त्यांचेच घर, आणि माझी माफी.

२. छपाईयंत्र मशीनवाल्या भाऊंना. तीस वर्षे त्यांनी यंत्राला आणि मला सारख्याच शिव्या दिल्या. यंत्र निदान ऐकते तरी.

३. आमची रीत अशी: ज्याच्याविरुद्ध बातमी, त्याला आधी लेखी प्रश्न पाठवायचे. उत्तर आले तर काना-मात्रा न बदलता छापायचे, न आले तर चौकट कोरी सोडायची. मंत्रीमहोदयांचा मेहुणा रसायन कारखान्याचा संचालक कसा झाला, हे मी नऊ वर्षे विचारतो आहे. त्या सगळ्या कोऱ्या चौकटी बांधून ठेवल्या आहेत. मंत्र्यांचे समग्र वाङ्मय म्हणून त्यांना सप्रेम पोचवाव्यात.

४. पुतण्याला माझा चष्मा. तोच कारखाना साप्ताहिक विकत मागायला आला, तेव्हा याने मला न विचारता मान डोलावली. "काका, नाव आपलंच राहील, फक्त मजकूर ते देतील!" चष्मा लावून त्याने हे वाक्य पुन्हा वाचावे.

५. साप्ताहिक, त्याचे नाव आणि वाचकांची यादी माझ्या मुलीला. वकीलसाहेब म्हणतात, कारण लिहा, नाहीतर पुतण्या कोर्टात जाईल.

तर कारण. मुलगी त्याच कारखान्यात खुलासे लिहिते. जेवताना कामाचे बोलायचे नाही, असे आमचे ठरलेले. "बाबा, प्रश्न जरा आधी पाठवत जा, घाईत लिहिलेलं मला आवडत नाही," एवढीच तिची तक्रार. गेल्या वर्षी मी धुराड्याबद्दल विचारले. उत्तर आले: 'नदीकडे जाणारी दुसरी नळी अस्तित्वात नाही.' नळीचे मी नावही काढले नव्हते. भाऊंना घेऊन नदीवर गेलो, नळी सापडली, फोटोसकट छापली. कारखान्याला ती बंद करावी लागली. मुलीची बढती हुकली, हलगर्जीपणाचा ठपका बसला.

ती चूकच होती, असे मी शपथेवर सांगतो. मात्र हीच मुलगी किराण्याची यादीसुद्धा तीनदा तपासते.

त्या दिवशी मला तिचा फार अभिमान वाटला आणि तितकीच भीती वाटली. मी तिला काही विचारले नाही. विचारले असते तर तिला नाही म्हणावे लागले असते, आणि ती माझ्याशी कधी खोटे बोललेली नाही.

बाळ, आता अंक तुझा. पहिला प्रश्न तुझ्या जुन्या साहेबांना पाठव. उत्तराला पुरता आठवडा दे. तुझ्याशिवाय त्यांना वेळ लागेल.

स्थळ: कचेरी, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: १२ ऑगस्ट
सही: संपादक

आमच्यासमक्ष सही केली:
१. वकील (दोन ठिकाणी हरकत नोंदवून)
२. खालच्या मजल्यावरचे शिंपी
(भाऊंना यंत्र मिळणार असल्याने साक्षीला घेतले नाही. ते रागावले आहेत.)