वरच्या तुकड्यातल्या शेंगा

प्रिय ताई,

पाकीट बघून छातीत धस्स झालं असेल तर आधी पाणी पी. इथे सगळे धडधाकट आहेत. फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर तू ‘हं, हं, बरं’ करून ठेवून देतेस. मला जे सांगायचंय ते दोन ‘हं’मध्ये मावणारं नाही. तुझे भावोजी पाणीपुरवठ्यात आहेत तिथेच आहेत, गावभराचे नळ दुरुस्त करतात आणि घरातला मोरीचा नळ गेले कित्येक महिने टपटपतोय. तुझ्या खोलीची खिडकी मी रोज उघडते. शेंगा वाळवायच्या शेडचा पत्रा बदलला. लेकीकडे तुला करमतंय का, हे मी विचारत नाही. तू खरं सांगणार नाहीस, आणि खोटं सांगितलंस तर मला कळेल.

यंदा व्हॅनिला असा काही फुलला की विचारू नकोस. माझ्या खालच्या तुकड्यात एकेका घोसात पंधरा-वीस कळ्या. लग्न होऊन तुझी धाकटी जाऊ म्हणून आले तेव्हा तू मला पहिलं फूल दाखवलंस, आठवतं? मी म्हटलं होतं, एवढंसं पिवळट फूल, आणि त्याच्यासाठी भल्या पहाटे उठायचं? तू म्हणालीस, दुपारपर्यंत मान टाकतं ते, तुझ्या झोपेसाठी थांबणार नाही. मग काडीनं फुलातला तो इवलासा पडदा वर उचलायचा, अंगठ्यानं पराग हलकेच दाबायचा, आणि पुढच्या फुलाकडे वळायचं. पहिल्या वर्षी मी निम्मी फुलं चेचून टाकली होती. तू ओरडली नाहीस. नुसती म्हणालीस, ‘अगं, कणीक मळायची नाहीये.’ आता माझा हात बसलाय. तू बघितलंस तर नावं ठेवायला जागा शोधावी लागेल तुला.

आता मुद्द्याचं. वरच्या तुकड्यात, म्हणजे तुझ्या तुकड्यात, मी जात नव्हते. कारण तुलाही माहीत आहे आणि मलाही. दादा गेले ते तिथेच, असल्याच फुलांच्या दिवसांत, हातात काडी घेऊन. त्यानंतर मी खालच्या तुकड्यातूनच मागे फिरायचे. त्यात मामंजी तुला जे बोलले तेही मी ऐकलं होतं. सगळ्यांनीच ऐकलं. ‘हिच्या वेलींनी माझा मुलगा खाल्ला.’ तू एक अक्षर उलट बोलली नाहीस, आणि पुढे थोड्याच दिवसांत बॅग भरलीस. तर तो तुकडा तसाच राहिला. वेली आधाराच्या झाडांवर मनाला येईल तशा चढल्या. फुलं यायची आणि गळून जायची. हात लावणारं कुणी नाही म्हटल्यावर दुसरं काय होणार?

पण या हंगामात पाण्याची नळी कुठे फुटलीय ते बघायला नाइलाजानं वर गेले, आणि बघते तर काय, शेंगा! बोटाएवढ्या, हिरव्यागार, लोंबत होत्या. आधी वाटलं, माझे डोळे गेले. मग हात लावून बघितलं. ताई, जे फूल हात लागल्याशिवाय फळत नाही असं तूच मला शंभरदा सांगितलंस, त्याला कुणी हात न लावता शेंगा कशा आल्या? तुला माझा स्वभाव माहीत आहे. माझ्या आईचं म्हणणं, ही पोर स्वर्गात गेली तरी आधी दाराची कडी कशी बसवलीय ते बघेल. माझी झोपच उडाली.

पहिला संशय किड्यांवर. कुठल्यातरी माशीला ही विद्या जमली असेल, आणि आपण उगाच इतकी वर्षं कंबर मोडून घेतली, असंही मनात आलं. म्हणून जुनी मच्छरदाणी फाडली, तिच्या छोट्या पिशव्या शिवल्या आणि न उमललेल्या चार घोसांवर बांधल्या. किडा आत जाणार नाही, म्हणजे शेंग धरणार नाही. सोपा हिशेब. जरा दिवस जाऊ दिले आणि पिशव्या बघायला गेले, तर चारही घोसांत शेंगा! आणि त्यासुद्धा सगळ्या घोसाच्या खालच्या अंगाला, मोजक्याच, बाकीची फुलं गळू दिलेली. वेलीवर भार नको आणि शेंग सरळ लोंबावी म्हणून तू करायचीस ना, अगदी तसं. तेवढ्यात माझं लक्ष पिशवीच्या दोऱ्याकडे गेलं. माझी गाठ म्हणजे तुला ठाऊकच आहे, गाठोडं असतं. इथे बारीक, घट्ट, दोन्ही टोकं सारखी कापलेली गाठ होती. मी तिथेच खाली बसले आणि मोठ्यानं हसले. किडा कितीही हुशार असला तरी गाठ मारत नाही.

म्हणजे माणूस. पण कोण? तुझ्या भावोजींना विचारलं. ते म्हणाले, ‘माझी बोटं बघितलीस का? या बोटांनी फूल नाही, भोपळा फळवता येईल.’ ते खरंच आहे. शेजारच्या नर्सबाईंना आडून विचारलं, तर त्या म्हणाल्या, माझ्या हातात काडी दिलीत तर मी तिनं दात कोरीन. मामंजींना विचारायचा तर प्रश्नच नव्हता. व्हॅनिलाचं नाव काढलं तरी ते ताटावरून उठायचे. आणि त्यांचं जुनं मत तुझ्या कानांनी ऐकलेलं आहे. ‘ज्या फुलाला स्वतःचं लग्न स्वतः लावता येत नाही, त्याच्या भरवशावर संसार करायचा?’ मिरीचे वेल होते तेव्हा बरं होतं, हे त्यांचं पालुपद. शिवाय हात थरथरायला लागला म्हणून ज्या माणसानं घड्याळदुरुस्तीचं चालतं दुकान बंद केलं, त्याच्याकडे कुणाचा संशय जाणार?

शेवटी एका सकाळी पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसले. उजाडत होतं. पायाला मुंग्या चावत होत्या आणि मी चोर पकडायला आलेल्या फौजदारासारखी दम धरून बसलेली. आणि मग वाटेवर काठीचा आवाज आला.

मामंजी होते, ताई. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून रोज बाहेर पडतात, असं आम्ही समजत होतो. एका हातात काठी, दुसऱ्यात दुकानातलं ते बुटकं स्टूल. वेलीपाशी बसले. खिशातून डोळ्यात बसवायचं भिंग काढलं, घड्याळ उघडताना लावायचे ना, तेच, आणि उजव्या डोळ्यात अडकवलं. काठी मांड्यांमध्ये उभी धरली, तिच्या मुठीवर मनगट टेकवलं, म्हणजे हात हलायचा थांबतो. मग एक फूल असं उघडलं, असं उघडलं, की मी इतक्या वर्षांत तसं उघडलेलं नाही. एक चुकलं. त्यांनी जीभ चावली आणि पुढचं घेतलं. मला राहवलं नाही. पुढे जाऊन उभी राहिले. मला वाटलं, दचकतील, रागावतील. वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, ‘बाजूला हो, फुलावर सावली पडतेय.’

मी बाजूला झाले. मग विचारलं, मामंजी, हे कधीपासून? ते म्हणाले, ‘मोठी लेकीकडे गेली त्याच्यानंतरच्या बहरापासून. हात यंदा लावला, आधी नुसतं बघायला यायचो.’ काय बघायला? त्यांनी आणखी दोन फुलं उघडली. मग भिंग काढून पुसत बसले आणि म्हणाले, ‘तो हे काम करताना पडला. मला बघायचं होतं की या कामात असं आहे काय. किती जोर लागतो, दम किती लागतो. माझं वय त्याच्या दुपटीला आलंय. काम जड असेल तर मी आधी पडेन, असा माझा हिशेब.’ मी म्हटलं, काहीतरीच काय! तर म्हणाले, ‘काहीतरीच नाही. पारखल्याशिवाय बोलू नये, हे मी गिऱ्हाइकांना जन्मभर सांगत आलो. घड्याळ न उघडताच कुणी म्हणालं की स्प्रिंग तुटलीय, तर मी त्याला दुकानाबाहेर काढायचो.’

मी तिथेच मातीत बसले. दुसरी काडी होती, ती त्यांनी न बोलता माझ्या हातात दिली. आम्ही दोघांनी मिळून ती अख्खी ओळ संपवली. उन्हं वर आली तशी फुलं मिटायला लागली, तेव्हा ते उठले. उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. परत येताना वाटेत, माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘काम हलकं आहे. घड्याळाच्या कामापेक्षाही हलकं. पोरगा कामानं गेला नाही.’ डॉक्टर हेच सांगत होते, की हृदय आतून कमकुवत झालेलं होतं, खुर्चीत बसला असता तरी हेच झालं असतं. पण डॉक्टरांचं ऐकून पटणं वेगळं आणि स्वतः उघडून बघणं वेगळं.

तेव्हापासून आम्ही रोज बरोबर जातो. तुझ्या भावोजींना सांगितलं तर ते आधी हसले आणि मग मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत बसले. फुलं आता संपली. मामंजी घोसांना पानांची सावली नीट मिळते का ते बघत फिरतात आणि माझ्या खालच्या तुकड्यातल्या चुका काढतात. परवा म्हणाले, ‘तू वेलीला फार शेंगा धरू देतेस, हावरी आहेस.’ मला इतकं बरं वाटलं! घरात कुणीतरी पुन्हा भांडायला लागलंय.

आणि आता हे पत्र मी का लिहिलं ते. काल संध्याकाळी ते माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, ‘मोठीला लिही.’ मी विचारलं, काय लिहू? ते म्हणाले, ‘लिही की शेंगा धरल्यात, पण त्या कधी तोडायच्या, गरम पाण्यात किती ठेवायच्या, वास सुटावा म्हणून घाम आणायला कशात गुंडाळायच्या, यातलं मला ओ की ठो कळत नाही, आणि धाकटीवर माझा भरवसा नाही.’ (भरवसा नाही म्हणे! मीही लिहिलं बघ, जसंच्या तसं.) मी म्हटलं, एवढंच? फोनवर सांगेल ती. त्यांनी मान हलवली. ‘फोन नको. लिही, की मी तिला बोललो होतो, ते मी...’ आणि तिथेच थांबले. मी पेन धरून वाट बघत राहिले. हात थरथरत होता त्यांचा, आणि टेकवायला काठी जवळ नव्हती. शेवटी म्हणाले, ‘पुढचं तुझ्या हातानं नको. पुढचं तिच्या समोर बसून बोलेन. शेंगा पिकायच्या आत ये म्हणावं तिला.’ ताई, निरोप माझ्याजवळ होता तो पोचवला. ये.

तुझीच,
हावरी धाकटी