चाचणी नव्हती, हे लिहून देतो

मी, खाली सही करणारा, केबल नेटवर्कच्या नियंत्रण कक्षातून निवृत्त झालेला गेटवे तंत्रज्ञ, अविवाहित, राहणार या इमारतीच्या वरच्या दोन खोल्यांत, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. फुप्फुसे मात्र ठिकाणावर नाहीत, म्हणून ही घाई. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. लिहू नये यासाठी माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, बराच दबाव आणला, तो मी मानलेला नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि यानंतर करण्याइतका दम राहील असे वाटत नाही.

वकिलांनी मसुदा करून दिला होता. त्यात सगळे एका पानात बसत होते. पण कोणाला काय दिले एवढेच लिहिले आणि का दिले ते गाळले, तर लोक आपल्या पदरचे घालतात. माझ्या बाबतीत लोकांनी एकदा पदरचे भरपूर घातले आहे. म्हणून मी माझ्या हाताने पाल्हाळ लावतो आहे. वकिलांनी रागावू नये.

एक. माझ्या मागे शोकसभा घेऊ नये. घेतलीच, तर केबल कंपनीच्या मालकांच्या हाती माईक देऊ नये.

दोन. माझी हत्यारे, म्हणजे सिग्नल मोजायचा मीटर, केबल सोलायची सुरी, कनेक्टर दाबायची पकड आणि लांब दांड्याची बॅटरी, ही सर्व डिश्याला द्यावीत. डिश्या हा माझा जुना सहकारी. आयुष्यभर गच्च्यांवर चढून डिश फिरवल्या, म्हणून हे नाव. खरे नाव त्याची बायकोही वापरत नाही. मीटर जरा जास्त आकडा दाखवतो, हे त्याला ठाऊक आहे. पकड त्याने माझ्याकडून पाच-सहा वेळा उसनी नेली आणि दर वेळी मलाच ती शोधायला लावली. आता त्याची त्याने शोधावी.

तीन. राहते घर, म्हणजे वरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, गच्चीचा हक्क आणि आतील सर्व चीजवस्तू, ही मी तक्रार विभागात माझ्यासोबत नोकरी केलेल्या बाईंच्या नावे करतो.

त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. ताईने विचारले, ''त्या तुझ्या कोण लागतात?'' त्याचे उत्तर इथे देण्याचा प्रयत्न करतो.

आमच्या कार्यालयात माझी खुर्ची आतल्या गार खोलीत, यंत्रांच्या कपाटांसमोर. बाईंची बाहेर, फोनपाशी. मध्ये काच. गेटवे म्हणजे दरवाजाच. एका बाजूने आलेले चित्र घ्यायचे आणि दुसऱ्या बाजूने घराघरांत सोडायचे. कोणते चित्र कोणत्या वाहिनीवर जाईल हे यंत्राला सांगणे आणि दिवसभर भिंतीवरच्या पडद्यांकडे बघत बसणे, हे माझे काम. इंटरनेटचा गेटवे वेगळा. त्यावर प्रत्येक घरी बसवलेला मोडेमचा डबा दिसे, चालू असेल तर हिरवा, बंद असेल तर लाल.

तक्रार आली की बाई काचेवर टिचकी मारून गल्ली सांगत. मी बघून सांगे की लाईन ठीक आहे, त्यांना प्लग बघायला सांगा. बहुतेकदा प्लगच असे. बाई ते अशा रीतीने सांगत की समोरच्याला आपण बावळट आहोत असे वाटू नये. ''काका, एकदा प्लग काढून परत लावता का? आमचंच काही चुकलंय का ते कळेल.'' त्या विधवा होत्या, सासूसोबत राहत होत्या. माझे लग्न राहून गेले होते. त्या काचेतून बघता बघता माझ्या मनात जे यायचे ते आले, आणि सांगायची छाती नसल्यामुळे तिथेच मुरत राहिले.

मग नवा व्हिडिओ गेटवे आला. तो लावताना चाचणी घ्यावी लागते. कॅमेऱ्यासमोर कोणीतरी बोलायचे आणि ओठ व आवाज जुळतात का ते बघायचे. चाचणीसाठी एक वाहिनी राखलेली असते, ती कोणाच्या घरी दिसत नाही. दुपारची वेळ होती. डिश्या गच्चीवर होता. बाई अर्ध्या दिवसाची रजा काढून सासूबाईंना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या. खोलीत मी एकटा. यंत्राच्या यादीत चाचणीच्या वाहिनीच्या वरचीच ओळ आमच्या स्थानिक वाहिनीची. मी वरची ओळ निवडली आणि खालची निवडली असे समजलो.

कॅमेऱ्यासमोर बसून मी आकडे म्हटले. ओठ जुळत होते. आकडे संपले आणि मी बोलत राहिलो. काच रिकामी होती म्हणून धीर आला. जे बोललो ते गावाला पाठ आहे, तरी अस्सल मजकूर एकदा नोंदला जावा:

''तक्रारीच्या फोनवरच्या बाई, तुम्हाला एक सांगायचं होतं. माझ्या घरी दोन खुर्च्या आहेत. एकीवर मी बसतो, दुसरीवर माझे कपडे असतात. तुम्ही हो म्हणालात तर मी लगेच कपडे काढतो. तुम्ही कायमच्या या.''

मला खुर्चीवरचे कपडे म्हणायचे होते. हे मी शपथेवर सांगतो.

भिंतीवर माझा चेहरा दोन चौकटींत दिसत होता, एक कॅमेऱ्याची आणि दुसरी स्थानिक वाहिनीची. मला वाटले, पडदाच बिघडला. तेवढ्यात बाहेरचे सगळे फोन एकदम वाजू लागले. मी कॅमेरा बंद केला आणि जाऊन एक उचलला. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ होते. ते अगदी गंभीरपणे म्हणाले, ''ते तुमचे साहेब कपडे काढणार होते, त्याच्या आधीच चित्र गेलं. परत कधी दाखवणार?''

दुसऱ्या दिवशी बाई वेळेवर आल्या. खुर्ची पुसली, फोन उचलला. दर दुसरा फोन थट्टेचा होता. मला काचेतून त्यांची पाठ दिसत होती. प्रत्येकाला त्या एकच सांगत होत्या, ''त्याबद्दल काही नाही. लाईनची तक्रार असेल तर बोला.'' नंतर मला कळले की दवाखान्यात बाकांसमोर टीव्ही होता. तिथे भरल्या खोलीत, सासूचा हात धरून, त्यांनी ते सगळे ऐकले होते.

दुपारी काचेवर टिचकी वाजली. ''शाळेमागची गल्ली, चित्र नाही,'' त्या म्हणाल्या. मी बघू लागलो. त्या तिथेच उभ्या राहिल्या. ''आकडे झाल्यावर बोललात ते मनापासून होतं का?''

मी हो म्हणून मान हलवली.

''मग घरी येऊन सासूबाईंशी बोला. काचेतून नको.''

''येतो,'' मी म्हणालो.

मी गेलो नाही. लोकांचे हसणे जरा ओसरू दे, मग जाऊ, असे रोज ठरवत होतो. पानवाला, न्हावी, शाळेची पोरे, सगळे मला बघून शर्टाच्या गुंडीला हात लावत. अशात बाईंच्या दारात उभे राहिलो तर त्यांचेही हसे होईल, अशी मी मनाची समजूत घातली. त्यांचे हसे तर झालेच होते आणि त्या ते एकट्या निस्तरत होत्या.

मग कंपनीचे स्नेहसंमेलन आले. मालकांनी ती चित्रफीत जपून ठेवली होती. त्यांनी ती मोठ्या पडद्यावर लावली. हशा पिकला. मग त्यांनी माझ्या हाती माईक दिला. ''सांगा, शेवटी काढले का?''

बाई पहिल्या रांगेत होत्या. सगळे हसत होते, त्या हसत नव्हत्या. बसची पाटी वाचावी तशा माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हणालो, ''अहो, चाचणी होती ती. चाचणीत माणूस तोंडाला येईल ते बरळतो. बाईंच्या जागी तुमचंसुद्धा नाव घेतलं असतं, मालक.''

मालकांनी पाठीवर थाप मारली. सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो. पुढच्या महिन्यात बाईंनी नोकरी सोडली.

टीव्हीवर दिसलो त्याची लाज कधीच विरली. लोकांना नवे हसू मिळाले, माझे जुने झाले. माईकवर जे बोललो त्याची लाज मात्र माझ्यासोबत जेवते आणि माझ्यासोबत झोपते.

नंतर कितीतरी वर्षे कामावर गेलो की आधी बाईंच्या घरचा डबा हिरवा आहे ना ते बघत असे. एवढेच बघे, बाकी काही नाही. पण तेही बघायचा मला हक्क नव्हता. एकदा तो दिवसभर लाल राहिला. तक्रार आली नव्हती. तरी मी हत्यारे घेऊन स्वतः गेलो. दार सासूबाईंनी उघडले.

''कोण?''

''केबलवाला.''

त्यांनी मान तिरकी करून ऐकले. ''आवाज ओळखीचा आहे. तूच ना तो, कपडेवाला?''

मी खाली बघितले. त्यांनी आत घेतले, पाणी दिले. बाई नव्या नोकरीवर गेल्या होत्या.

''तेव्हा माझ्या डोळ्यांत औषध घातलं होतं,'' त्या म्हणाल्या. ''दिसलं काही नाही. आवाजावरून माणूस बरा वाटला. मी सुनेला म्हटलं, माझी काळजी करू नकोस, तू जा. आणि दुसरी खुर्ची जरा रुंद असेल तर मीही येते. आम्ही ओळीने कितीतरी रविवार घर आवरून बसलो. मग एक दिवस ती म्हणाली, ती चाचणी होती म्हणे.''

मी डबा बघितला. प्लग सैल झाला होता. तो दाबून बसवला.

''मी येऊन गेलो हे सांगू नका त्यांना,'' मी म्हणालो.

''सांगण्यासारखं तू काही बोललास कुठे?'' त्या म्हणाल्या.

सासूबाई वारल्या तेव्हाही मी गेलो नाही. डिश्या गेला होता.

यंदा मी दवाखान्यात पडलो. डिश्याने बाईंना कळवले. मी डोळे उघडले तर त्या पलंगाशेजारी बसल्या होत्या, केस पांढरे, पिशवीत जेवणाचा डबा. मी काही म्हणणार, तर म्हणाल्या, ''श्वास पुरत नाही, बोलू नका.'' तेव्हापासून त्या येतात. उशी सरळ करतात, औषध विचारतात, वर्तमानपत्र वाचून दाखवतात. त्या दिवसाचा विषय त्यांनी काढलेला नाही. मला कोणी इतके चांगले वागवावे असे मी काही केलेले नाही. त्या आल्या की मला भिंतीकडे तोंड करावेसे वाटते.

चार. या कलमात मालमत्ता नाही. वकील म्हणाले, कायद्याने याला किंमत नाही. असू दे. मी लिहून देतो की त्या दुपारी कॅमेऱ्यासमोर आकड्यांनंतर जे बोललो ते शब्दन् शब्द खरे होते. स्नेहसंमेलनात माईकवर जे बोललो ते खोटे होते आणि लोकांच्या हसण्याला भिऊन बोललो. बाईंचे नाव मी तोंडाला आले म्हणून घेतले नव्हते. ते बरीच वर्षे तोंडाशी होते.

पाच. मालकांना मी काही ठेवत नाही. त्यांच्याकडील चित्रफीत त्यांनी पुसावी अशी विनंती आहे. न पुसल्यास कोणाला दाखवताना कलम चार वाचून दाखवावे.

सहा. हे कलम आज सकाळी, सह्या करण्याच्या आधी, वकिलांसमोर वाढवले आहे.

मी वरचा मजकूर ताई, खालच्या मजल्यावरचे शिंपी आणि बाई यांच्यासमोर वाचायला घेतला. बाईंना यातले काही ठाऊक नव्हते. कलम तीनच्या मध्येच माझा दम संपला, पुढचे वकिलांनी वाचले. त्यांचा वाचनाचा सूर जमीनजुमल्याचा, त्यामुळे कपड्यांचे वाक्य फारच वाईट वाटले. शिंप्यांनी खिडकीबाहेर बघितले. कोणी हसले नाही.

साक्षीसाठी शिंपी आणि डिश्या ठरले होते. डिश्या कामावर कुठल्याशा गच्चीवर अडकला होता, यायला उशीर होता. बाई म्हणाल्या, ''थांबायचं कशाला? मी करते सही.''

वकील म्हणाले, ''तुम्हाला नाही करता येणार, बाई. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. सही केलीत तर घर जाईल.''

''जाऊ दे.''

''नीट विचार करा. दोन खोल्या आहेत, गच्ची आहे.''

''मला राहायला घर आहे,'' बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. ''तेव्हा चारचौघांत नाही म्हणालात, तर समोर मला बसावं लागलं. आता हो म्हणताय, तर साक्षीला मी नको?''

ताईने पदराने नाक पुसले आणि म्हणाली, ''करू दे तिला सही.''

सबब कलम तीनमधील घर आता ताईच्या नावे राहील. ताईने ते आढेवेढे न घेता स्वीकारले, याचीही नोंद असावी. कलम चार जसेच्या तसे कायम आहे.

स्थळ: माझ्या घराची पुढची खोली.
दिनांक: आजचा, सोमवार, सकाळी, वकिलांनी बाजूला शिक्क्याने घातल्याप्रमाणे.

लिहून देणार: (सही, वाकडी, पण माझीच)

लिहून देणाऱ्याने आमच्यादेखत सही केली आणि आम्ही त्याच्यादेखत केली.

साक्षीदार पहिले: (सही) खालच्या मजल्यावरचे शिंपी.

साक्षीदार दुसऱ्या: (सही) तक्रार विभागातल्या बाई. सहीखाली त्यांच्या हस्ताक्षरात दोन शब्द जास्त आहेत. साक्षीदाराने असे काही लिहायचे नसते, असे वकिलांनी सांगून पाहिले. ते दोन शब्द: ''मान्य आहे.''