चिमूटभर पांढरं

माकणी, ३ फेब्रुवारी २०२५

चि. विरेश यास श्रीदेवीअक्काचे अनेक आशीर्वाद.

हे फोनवरच विचारलं असतं, पण आई फोन स्पीकरवर लावते आणि निम्मं माकणी ऐकतं. तू गेल्यावर पँट धुवायला घेतली, तर खिशात पुडी निघाली. आत पांढरी पूड! उमरग्याच्या कारखान्यात जुन्या बॅटऱ्यांचा काळा भुगा उपसतो म्हणतोस, नखंही काळीच असतात तुझी. मग हे पांढरं कुठलं? हल्ली पेपरात पांढऱ्या पुड्यांबद्दल काय काय येतं, मीही वाचते. तुझा नवा मोबाइल पाहिला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

आईला वाटलं, तू विभूती आणलीस. तिनं पुडी देवघरातल्या डबीत ओतली. रोज कपाळावर तीन बोटं ओढते, चिमूटभर जिभेवरही ठेवते. खरं काय ते लिही.

माया आहे म्हणून विचारते,
अक्का


उमरगा, ६ फेब्रुवारी

ती. अक्कास शि. सा. न.

पत्र वाचताच फोन केला. आईनं उचलला. डबी टाकून दे म्हटलं, तर देवाची वस्तू टाकाय सांगतोस व्हय, म्हणून माझ्यावरच डाफरली. शंभुलिंगमामा आजच गावी येताहेत, त्यांच्या हाती हे देतो. ती पूड पोटात जाता कामा नये. आईला उलट्या, थरथर काही असेल तर आधी दवाखान्यात ने.

अक्का, तो लिथियमचा क्षार आहे, नव्या बॅटऱ्यांत लागतो तो. भुग्यातले बाकीचे धातू काढून झाले की उरलेलं पाणी आम्ही वाया घालवायचो. यंदा ते आटवून, सोडा घालून तापवलं आणि तळाशी पांढरं बसलं. पहिल्यांदाच! मी काळी कामं करतो म्हणून आई सारखी कुरकुरते. तिला दाखवायला चिमूटभर न विचारता उचललं, आणि घरी आल्यावर विसरलो. साहेबांना आज सांगितलं. पुडी परत आण म्हणाले.

आईला जप. तुझा,
विरेश


माकणी, ७ फेब्रुवारी

चि. विरेश यास आशीर्वाद.

आई ठणठणीत आहे. तिनं पुडी डबीत ओतली त्याच दिवशी मी डबी धुऊन खरी विभूती भरली. मुद्दामच लिहिलं नाही. घाबरल्याशिवाय तू खरं बोलत नाहीस, लहानपणापासून.

पण पुडी परत मागू नकोस. पोलिसांच्या भीतीनं मी ती पूड मोरीत ओतली आणि वर दोन बादल्या पाणी सोडलं. तू सांडपाण्यातून काढलंस, मी परत सांडपाण्यात घातलं. फार वाईट वाटतंय रे. साहेबांना माझं नाव सांग.

आईला तुझं पत्र वाचून दाखवलं. तेव्हापासून दोनदा मोरीशी जाऊन वाकून बघून आली. पुढच्या खेपेला विचारून आण. तिला कपाळाला नकोय, नुसतं बघायचंय.

रागावलास तरी पत्र लिही,
अक्का